जोखीम माणसाची मोजायची की त्याच्या परिस्थितीची?

रानजाई
वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट ओढता का, एवढं भरलं की पडद्यावर आकडा येतो: पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका इतके टक्के. त्याखाली सल्ला: मीठ कमी करा, रोज चाला, ताण घेऊ नका. आजारांच्या जोखमीवरचं कितीतरी संशोधन शेवटी इथेच येऊन थांबतं आणि दोष आजारी पडणाऱ्याच्या पदरात टाकतं. माझा याला ठाम विरोध आहे.

लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ साली सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास बघा. सगळे पगारदार, कुणी उपाशी नाही. तरी सर्वात खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही निम्म्याहून जास्त फरक उरलाच. शिवाय हा फरक फक्त तळाशी नव्हता, एकेक पायरी खाली उतरावं तसा तो वाढत होता. शिपायाला "ताण घेऊ नका" सांगून काय होणार? त्याच्या कामाचे तास, त्याला मिळणारे हुकूम, त्याची बढती यातलं काहीच त्याच्या हातात नाही.

वैद्य_मी
साफ असहमत. माझ्यासमोर बसलेल्या बाईंचा रक्तदाब १८०/११० असतो. समाज बदलेपर्यंत त्यांना थांबवू का? गोळी आज सुरू केली तर पक्षाघाताचा धोका कमी होतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही. आणि ही माहिती आली कुठून? अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून एकेका माणसाच्या मागे वर्षानुवर्षं राहून. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचं सिगारेटशी नातं दाखवलं, तेही रुग्णांना त्यांच्या सवयी विचारूनच. तुम्ही ज्याला दोष देणं म्हणता त्याने असंख्य जीव वाचवलेत.

रानजाई
गोळीला माझा विरोध कुठे आहे? प्रश्न हा की तुमच्यासमोर येऊन बसतं कोण. ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहून ठेवलंय की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वात जास्त हवी तिथेच ती सर्वात कमी मिळते. आणि "सगळ्यांची तपासणी करा, धोका सांगा, समुपदेशन करा" हे करूनही पाहिलंय. डेन्मार्कमध्ये सुमारे साठ हजार लोकांवर असा प्रयोग झाला, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. दहा वर्षांनी तपासणीला बोलावलेले आणि न बोलावलेले, दोन्ही गटांत हृदयविकार सारखाच.

संख्याशास्त्री
दोघांनाही थोडं अडवतो.

रानजाई, खालची श्रेणी आणि आजार यांतलं कारण उलटंही असू शकतं. लहानपणापासून प्रकृती नाजूक असेल तर शिक्षण अर्धवट राहतं, नोकरीही खालची मिळते. व्हाइटहॉलमध्ये श्रेणी आधी नोंदवली आणि मृत्यू नंतर मोजले, त्यामुळे ही शंका बरीच कमी होते, पण बालपणाचा हिशेब त्यात नाही.

दुसरं, दोष मोजण्याचा नाही, काय मोजलं याचा असतो. अमेरिकेत जादा काळजीसाठी रुग्ण निवडणाऱ्या एका संगणकीय पद्धतीची तपासणी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आली. ती पद्धत आजार किती आहे हे बघतच नव्हती, पुढे खर्च किती होईल याचा अंदाज करत होती. कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी होतो. त्यामुळे समान गुण मिळालेल्या दोघांत कृष्णवर्णीय रुग्ण जास्त आजारी निघायचा आणि तरी मागे राहायचा. ही चूक दुरुस्त केली तर जादा मदतीसाठी निवड होणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जातं. म्हणजे मोजमाप नीट केलं तर विषमता उघडी पडते. हृदयविकाराचा धोका मोजणाऱ्या ब्रिटनच्या क्यूरिस्क सूत्रात तर वस्तीची वंचितताही धरलेली आहे. तेव्हा धाग्याच्या शीर्षकातला "की" मला मान्य नाही.

रानजाई
वंचितता सूत्रात घातल्याने गरिबाला गोळी लवकर मिळेल, वंचितता तिथेच राहील. जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये हेच मांडलं होतं: हा माणूस आजारी का पडला आणि या समाजात इतके आजारी का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोठ्या धोक्याचे लोक थोडे, मध्यम धोक्याचे भरपूर, त्यामुळे बहुतेक रुग्ण मध्यम धोक्याच्या गर्दीतूनच येतात. तुमचं सूत्र त्यांना "ठीक आहे" म्हणून घरी पाठवतं.

झारखंडमधला रेशन्स प्रयोग आठवा ('लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक, २०२३). क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या दिल्या. त्यांच्यात नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. उपदेश नाही, धान्य.

वैद्य_मी
उदाहरण उत्तम, पण ते माझ्या बाजूने आहे. ती घरं सापडली कशी? आधी रुग्णाचं निदान झालं, त्याचं नाव नोंदलं गेलं, मग कुणीतरी त्याच्या घरी गेलं. आरोग्यसेवा जागेवर नसती तर धान्य कुणाच्या दारात नेलं असतं? पैसा अपुरा असताना मी आधी दवाखाना चालू ठेवायला मागेन.

पायपीट
मी घरोघर जाऊन नोंदी करते, म्हणून लिहिते. रक्तदाबाच्या वहीत तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, गोळ्या दिल्या का, असे रकाने आहेत. जो आलाच नाही त्याच्यापुढे आम्ही "गै.ह." लिहितो. का आला नाही, हे लिहायला जागाच नाही. मला कारणं तोंडपाठ आहेत: तपासणी सकाळी असते आणि त्या वेळी तो कामावर असतो, सुट्टी घेतली तर मजुरी बुडते, मागच्या खेपेला गोळ्या संपल्या होत्या म्हणून परत पाठवलं होतं. अहवालात यातलं काही जात नाही, आणि वरून सूचना येते की लोकांमध्ये जागरूकता वाढवा. वैद्य_मी, दवाखाना आधी हे मला पटतं. पण तो संध्याकाळी उघडा राहणार असेल तरच.

वैद्य_मी
संध्याकाळच्या वेळेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रानजाईंच्या मूळ मुद्द्याला अजूनही नाही.