हिंदी लघुपटांतला प्रेमभंग आणि आपली जुनी नाती : तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात लॉ कॉलेज रस्त्यावर एका मित्राच्या घरी आम्ही चार-पाच जणांनी ‘इंटीरियर कॅफे नाइट’ हा लघुपट पुन्हा पाहिला. बऱ्याच वर्षांनी कॅफेत समोरासमोर आलेले दोघे, नसीरुद्दीन शहा आणि शेरनाज पटेल, आणि तिथेच दुरावण्याच्या बेतात असलेले एक तरुण जोडपे. तो संपल्यावर एकाने घाईने विषय बदलला, आणि तो का बदलला हे आम्हा सर्वांना कळले. मोठ्या चित्रपटात प्रेम जमते, गाणी होतात, मग ताटातूट होते. लघुपटाला तेवढी सवड नसल्यामुळे तो बहुधा ताटातुटीनंतरच सुरू होतो आणि मधली वर्षे प्रेक्षकाला स्वतःच्या आयुष्यातून भरावी लागतात. तुम्ही ती कशी भरलीत, हे इथे लिहावे. समोरच्या व्यक्तीचे नाव कृपया लिहू नये.

सदाशिव पेठेतून :
हाच लघुपट पाहिल्यानंतर काही महिन्यांनी ती मला डेक्कनवर अचानक भेटली, तब्बल १९ वर्षांनी. पडद्यावरचे दोघे किती नेमके बोलतात! आम्ही बोललो ते तिच्या आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेबद्दल आणि सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीबद्दल. मात्र बनमस्का आला तेव्हा तिने न विचारता त्याचे दोन भाग केले आणि जास्त मस्का लागलेला भाग माझ्या बशीत ठेवला. पूर्वी ती हेच करीत असे. तिच्याही ते ध्यानात आले असावे, कारण तिने हात पटकन मागे घेतला. लघुपटात तेवढा हात दाखवला असता, तरी पुरले असते.

कर्वेनगरहून :
नीरज घेवान यांचा २०१७ सालचा ‘ज्यूस’ या विषयात बसतो का, असे कोणी विचारील. माझ्या मते तोच सर्वाधिक बसतो. दिवसभर उकाड्यात स्वयंपाकघरात राबलेली शेफाली शहा शेवटी ज्यूसचा पेला घेऊन पुरुषांमध्ये कूलरसमोर येऊन बसते आणि नवऱ्याकडे पाहत राहते. ती नजर माझ्या ओळखीची आहे. माझा घटस्फोट कागदावर झाला त्याच्या दोन वर्षे आधी, गौरी जेवल्या त्या दिवशी, घरात तो होऊन गेला होता. पंचवीस पाने वाढून मी शेवटच्या पंगतीला बसले, तेव्हा पुरणपोळी संपली असल्याचे सासूबाईंनी सांगितले आणि शेजारी विडा लावत बसलेल्या नवऱ्याने मान वर केली नाही. कोणीही कुठे निघून न जाताही प्रेमभंग होतो, हे मला तो लघुपट पाहताना प्रथमच मोठ्याने म्हणावेसे वाटले.

औंधहून :
मी असे लघुपट अर्ध्यावर बंद करते. अजून तीनच वर्षे झाली आहेत.

कोथरूडहून :
महाविद्यालयात असताना मी स्वतःच्या प्रेमभंगावर बारा मिनिटांचा हिंदी लघुपट केला होता. पावसातली खिडकी, न पाठवलेला संदेश, सगळे त्यात होते, आणि मला तो मनापासून खरा वाटत होता. स्पर्धेला पाठवण्याआधी मी तिला तो दाखवला, कारण न विचारता पाठवणे योग्य वाटले नाही. तिने शांतपणे पाहिला आणि एवढेच विचारले, “यात मी एकदाही का बोलत नाही?” मी तिला तिचे संवाद लिहिण्याची विनंती केली. तिने नकार दिला आणि मी लघुपट पाठवला नाही.