निळी ज्योत असली तरी

बोटीतल्या गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असेल तर कार्बन मोनॉक्साइडची, म्हणजे अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या विषारी वायूची, भीती नाही, असं काहीजण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पिवळी, काजळी धरणारी ज्योत वाईट हे खरं. पण चांगल्या निळ्या ज्योतीवर गार पाण्याचं मोठं भांडं ठेवलं आणि ज्योत बुडाला टेकली, तर ती तिथे थंड पडते आणि ज्वलन अर्धवट राहतं. छोट्या केबिनमध्ये थंडीपावसामुळे हवेच्या झडपा बंद करून पाणी उकळत ठेवलं, की विषबाधेला एवढंही पुरतं.

आमच्याबरोबर हेच झालं. सोबत्याचं डोकं जड झालं, मळमळायला लागलं. आम्ही 'बोट लागली' म्हणून त्याला आत आडवं केलं, म्हणजे नेमकं चुकीच्या जागी! थोड्या वेळाने माझंही डोकं ठणकायला लागलं, तेव्हा कुठे संशय आला. शेगडी बंद करून दोघंही डेकवर आलो. हाताच्या बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरवर मात्र ९८ टक्के दिसत होते. त्यावर कृपा करून विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. शिवाय मोकळ्या हवेत आल्यावरही रक्तातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण निम्म्यावर यायला ४-५ तास लागतात, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवाच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेताना ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक बघा, ते बोटींसाठीही आहे. आणि तो झोपायच्या जागेजवळ, श्वासाच्या उंचीवर लावा. एलपीजी गळतीचा अलार्म तळाशी लागतो, तो वेगळा.