लोड गाड्या उजवी लेन सोडत का नाहीत?

बालाघाटी: महिन्यातून दोनदा बीड–संभाजीनगर करतो, अधूनमधून धाराशिवकडे. चौपदरी झाला तेव्हा वाटलं, लोड गाडीमागे रांगत जायचे दिवस संपले. कुठलं काय! पाडळशिंगी सोडली की ट्रक उजव्या लेनमध्ये ५० नं चाललेला, डावी मोकळी. हॉर्न द्या, डिपर द्या, हलत नाही. शेवटी माणूस डावीकडून काढतो, आणि तिकडं ड्रायव्हरला नीट दिसतच नाही.

मांजरसुंबा घाटात तर कहर. एक ट्रक २० नं चढतोय, दुसरा २२ नं त्याला ओव्हरटेक करतोय. परवा त्या रांगेत अंबाजोगाईला निघालेली ॲम्ब्युलन्स अडकली. सायरन वाजतोय, पुढे दोन्ही लेन बंद. माझ्या गाडीच्या आरशात त्या ड्रायव्हरचा चेहरा दिसत होता, तो विसरता येत नाही. डावीकडून चाला, उजवी लेन ओव्हरटेकपुरती, एवढा साधा नियम आहे. न पाळणाऱ्याला दंड लावा.

दहाटायरी: दादा, २२ वर्षं स्टिअरिंगवर आहे. डावी लेन मोकळी असते ती दिवसा. ऊस सुरू झाल्यावर रात्री नऊनंतर एकदा आमच्या केबिनमध्ये बसा. रॉंग साईडनं येणारी बिनलाईटची मोटरसायकल डावीकडंच, धाब्यापुढं उभ्या गाड्या डावीकडंच, गावातून अचानक वर येणारा टेम्पोही डावीकडंच.

मागच्या हंगामात शहागडच्या पुलाअलीकडं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन डाव्या लेनमध्येच उभा होता. लाईट नाही, रेडियम नाही. चाकामागं दगड आणि खूण म्हणून ट्रॉलीला उसाच्या वाढ्याची पेंढी बांधलेली. क्लीनर ओरडला म्हणून वाचलो. मागं लोखंडाचा माल होता, ब्रेक मारला म्हणून गाडी जागेवर थांबत नसते. त्या रात्रीपासून अंधारात मी उजवी धरतो. दंड लावायचा तर आधी बिनरेडियमच्या ट्रॉलीला लावा.

जालना_डिझेल: घाटाचं गणितही बघा. २०१८ पासून दहा टायरच्या ट्रकला मालासकट एकूण २८.५ टनांची परवानगी आहे. इंजिन २०० हॉर्सपॉवरच्या आसपास धरलं तर टनामागे सात. तुमची छोटी कार टनभराची आणि ८० हॉर्सपॉवरची. चढावर एकदा वेग तुटला की लोड गाडीला तो परत धरता येत नाही, म्हणून ड्रायव्हर पुढच्याच्या मागं थांबत नाही.

बालाघाटी: म्हणूनच म्हणतो, चढावर ओव्हरटेक सुरूच करू नये! टनामागे सात हॉर्सपॉवर आहे हे ड्रायव्हरला माहीत असतं ना? मग दोन किलोमीटर मागच्यांना का अडवायचं? ट्रॉलीचं पटलं. घाटाचं नाही पटत.

पाचोडकर: मला लेनपेक्षा इंडिकेटरची भीती वाटते. आडूळच्या पुढं ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला. मी समजलो, ‘उजवीकडून जा’ म्हणतोय. निम्मा पुढं गेलो आणि त्यानं दुभाजकाच्या कटमधून धाब्याकडं गाडी वळवली. कडेचं गवत दाराला घासलं, इतक्या जवळून वाचलो. बायको-मुलं गाडीत होती. कोणी ‘जा’ म्हणायला डावा देतो, कोणी उजवा. इंडिकेटर फक्त वळायला वापरा, हात जोडून सांगतो.

दहाटायरी: हे सोळा आणे खरं. आमच्या उस्तादानं ‘जा’ला डावा आणि ‘थांब’ला उजवा शिकवला होता, पण दुसरीकडचे ड्रायव्हर उलटं देतात. मी तर आता कुणाला ‘जा’ म्हणतच नाही.

समृद्धी_रोजची: नुसत्या ट्रकवाल्यांना बोलू नका. समृद्धीवर एका बाजूला तीन लेन, कारला १२० ची मर्यादा, ट्रकला ८०. तिथं उजवी लेन अडवून ९० नं जाणाऱ्या कारच असतात, आणि कारवाला फोनवर. त्यांच्यासमोर कुठली ट्रॉली आहे?

बालाघाटी: मान्य. त्यांनाही तोच दंड.

दहाटायरी: घाटात पुढच्याच्या मागं राहीन, दादा, ॲम्ब्युलन्सचं वाचून मन लागंना. पण ऊस चालू आहे तोवर रात्री पाचोड ते गेवराई मी उजवीकडंच दिसेन. मागून आलात तर अप्पर मारत राहू नका, आरशात नुसता उजेड भरतो. एकदा डिपर द्या, डावीकडं मोकळं दिसलं की लगेच साईड देतो.