चर्चा: मधल्या सुट्टीत धावायला बंदी – चूक खेळाची की फरशीची?

मुरूममाती
शहरातल्या बऱ्याच शाळांत हल्ली सूचना लागते: मधल्या सुट्टीत पकडापकडी, साखळी, लंगडी, डॉजबॉल, खो-खो बंद. कॅरम खेळा, बुद्धिबळ खेळा, नाहीतर वर्गात बसा. कारण एकच, मुलांना लागतं.

लागतं हे खरंच. पण कशाने लागतं ते बघा. पटांगणात फरशी म्हणून बसवलेले पेव्हर ब्लॉक म्हणजे सहा-आठ सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट, खाली वाळूचा थर. पावसात वाळू वाहून गेली की एखादा ब्लॉक खचतो आणि शेजारच्याची कड अर्धा सेंटीमीटर वर राहते. चालताना ती जाणवतही नाही. लंगडी घालणाऱ्या पोराचा सगळा भार एका चवड्यावर असतो, तो तिथेच अडकतो. वर शाळेचे काळे बूट, तळ झिजून गुळगुळीत झालेले. जूननंतर सावलीतल्या ब्लॉकवर शेवाळ धरतं, मग तर बघायलाच नको.

कबड्डीच्या नियमांतच मैदान सपाट, मऊ, माती-शेणखत-भुशाचं किंवा मॅटचं असावं असं म्हटलंय. ते काय शोभेसाठी नाही. सगळं पटांगण उखडायची गरज नाही. खो-खोच्या मोठ्या मैदानाएवढा, 27 बाय 16 मीटरचा तुकडा मोकळा करा. ब्लॉक आणि खालची खडी काढा, दहा सेंटीमीटर मुरूम पाणी मारून दाबा, त्यावर पाच-सात सेंटीमीटर चाळलेली माती. मधून कडेला शंभरास एक उतार. आदल्या संध्याकाळी पाणी. आणि कृपा करून रोलर रोज फिरवू नका. माती इतकी घट्ट होते की पुन्हा फरशीच बरी म्हणायची वेळ येते.

विश्वस्त_उपनगर
27 गुणिले 16 म्हणजे 432 चौरस मीटर. उपनगरातल्या शाळेत एका सत्रात 600 मुलं एकदम बाहेर येतात. माणशी पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही. माती घाला नाहीतर गादी घाला, वीस किलोच्या पहिलीतल्या पोराला पन्नास किलोचा नववीतला धडकला की परिणाम तोच.

सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांची. त्यात डबा, पाणी, बाथरूम. मुलं खेळायच्या घाईत पोळी गिळतात, धावतात, ओकतात. शिक्षकांचा डबाही त्याच वेळेत, त्यामुळे पटांगणात लक्ष ठेवायला दोघं असली तर नशीब. क्रीडाशिक्षक म्हणाल तर संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं तेव्हा, पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते.

आणि काही वाईट झालंच तर निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं 106, मुख्याध्यापकांच्या मागे लागतं. राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजनेतून पालकांना सानुग्रह अनुदान मिळेल, मुख्याध्यापकांना कोण सोडवणार? मातीत रात्री कुत्री-मांजरं घाण करतात तेही जाताजाता सांगतो.

खो_देणारा
विश्वस्त, गर्दीचं गणित मान्य. पण तुम्ही पकडापकडी आणि खो-खो एकाच बंदीत टाकलेत. पकडापकडीत शंभर पोरं शंभर दिशांना पळतात, मान मागे वळवून. धडक तिथे होते. खो-खोत उठलेल्या मुलाला एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, ओलांडता येत नाही. कोण कुठून येणार हे समोरच्याला कळतं. एका वेळी पाठलाग करणारा एक, पळणारे तीन, बाकीचे आठ बसलेले. इतक्या कमी धडकांचा धावायचा दुसरा खेळ दाखवा.

खो-खोत लागतं ते तीन ठिकाणी. एक, बसलेल्याची बोटं. हात पुढे टेकलेले असतात, जवळून जाणाऱ्याचा पाय पडतो. बोटं जुळवून हात गुडघ्यांच्या जवळ टेकायला शिकवा. दोन, खो. तो मागून तळव्याने पाठीला स्पर्श करून, मोठ्याने ‘खो’ म्हणून द्यायचा असतो. सुट्टीत पोरं ढकलतात आणि बसलेलं पोर तोंडावर जातं. धक्का दिला की फाउल, हे पहिल्या दिवसापासून. तीन, टीव्हीवर बघून मारलेले सूर. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा विश्वचषक झाला, तिथले सूर मॅटवरचे होते. फरशीवर कोपर, हनुवटी, मनगट, जे आधी टेकेल ते जातं. सुट्टीत सूर बंद. ही बंदी मला मान्य आहे.

गर्दीवर उपाय म्हणजे सुट्टी तीन टप्प्यांत. पहिली ते तिसरी, चौथी ते सहावी, सातवीपुढे. वेळापत्रक करायला त्रास होतो, पण नववीतला पहिलीवर आदळायचा प्रश्न तिथेच मिटतो.

अस्थितज्ज्ञ
दोन्ही बाजू धावण्यावर भांडताहेत. लहान मुलांत जे मोडणं खरोखर घाबरवणारं असतं, कोपराच्या लगेच वर दंडाचं हाड, ते पाच ते सात वर्षांत जास्त दिसतं आणि नेहमीचं कारण म्हणजे उंचावरून ताठ हातावर पडणं. माकडशिडी, घसरगुंडी. सपाट जमिनीवर धावताना पडल्यावर बहुधा मनगटाजवळचं हाड नुसतं पिचतं, ते पट्टीत तीनेक आठवड्यांत भरतं.

गंमत अशी की खो-खो बंद करणाऱ्या शाळेतच शिशुवर्गाची घसरगुंडी पेव्हर ब्लॉकवर उभी असते, तिच्यावर कुणाचा आक्षेप नाही. युरोपीय मानकाप्रमाणे दोन मीटरपर्यंतच्या पडण्याला वीस सेंटीमीटर वाळू लागते, शिवाय ती उडते-सरकते म्हणून वर दहा. इंचभर रबरी लादी त्या उंचीला पुरत नाही. कठड्याच्या फटीही मोजा. साधारण नऊ ते तेवीस सेंटीमीटरच्या फटीत अंग जातं आणि डोकं अडकतं.

कोपर सुजलं, हात वाकडा दिसला तर मालीश नाही, ओढून बसवणं तर नाहीच. आहे तसाच फळीला बांधा आणि बोटं बघा. गार किंवा पांढरी पडली असतील तर एक मिनिटही घालवू नका. कायमचा दात मुळासकट निघाला तर मुकुटाकडून धरा, मूळ चोळू नका, दुधात ठेवून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे. दुधाचा दात परत बसवत नाहीत. डोक्याला मार लागून ओकारी, गुंगी, गोंधळ दिसला तर लगेच दवाखाना. नुसतं गरगरलं, तरी त्या दिवशी परत खेळ नाही.

चष्मेवाली_ताई
डोळ्यांचं कुणीच बोलत नाही. चीनमधल्या ग्वांगझू इथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांनी त्यांच्यात नव्याने लघुदृष्टी आलेली मुलं 30.4 टक्के, नेहमीच्या शाळांत 39.5. हे 2015 साली प्रसिद्ध झालंय. सुट्टीत वर्गात बसवणं म्हणजे चष्म्याला आमंत्रण.

विश्वस्त_उपनगर
ताई, तो फायदा उघड्यावरच्या उजेडाचा मानतात, धावण्याचा नव्हे. कॅरम झाडाखाली मांडला की तुमचा मुद्दा सुटला.

डॉक्टरांचं घसरगुंडीचं पटलं, ती हलवायलाच हवी. टप्प्याटप्प्याची सुट्टीही होईल, पण मग एका टप्प्याचा दंगा चालू असताना बाकीच्या वर्गांत तास चालू, त्याचं काय? आणि माती कोकणपट्टीत जूनपासून चार महिने चिखल असते.

मुरूममाती
@चष्मेवाली_ताई, कॅरमवाले झाडाखाली बसलेले मी अजून पाहिले नाहीत, जिन्याखालीच असतात. पण विश्वस्तांचं शास्त्र बरोबर आहे. धावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा वेगळा आहे, पाच ते सतरा वयाला रोज सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल.

@विश्वस्त, चिखलाचं म्हणाल तर टाच दाबून बघायची. खळगा पडून त्यात पाणी साठलं तर त्या दिवशी मैदान बंद, नुसता ठसा उमटला तर चालू. पाऊस संपला की वरची तीन सेंटीमीटर माती कुदळीने मोकळी करून, चाळून, परत पसरायची. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. आवाजासाठी मैदान इमारतीच्या मागच्या बाजूला घ्या.

विश्वस्त_उपनगर
मागच्या बाजूला स्कूलबस लागतात.

खो_देणारा
बस सकाळी आणि सुटताना लागतात. साडेदहाला तिथे काय असतं?