थँक्सगिव्हिंगसाठी घरचे स्टफिंग : बारा माणसे, पंचवीस डॉलर, अंडे नको. सल्ला हवा

कोलंबसची सून :
यंदा, 2025 साली, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाचा गुरुवार, म्हणजे 27 नोव्हेंबर, हाच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई महालक्ष्मीचे व्रत करतात. त्याच संध्याकाळी नवऱ्याच्या कार्यालयातली मंडळी धरून आम्ही बारा जण जेवायला आहोत. सणाचा टर्की पक्षी एक पाहुणे त्यांच्या घरूनच भाजून आणणार असल्यामुळे माझ्याकडे मुख्य काम स्टफिंगचेच, म्हणजे त्यासोबत खायच्या ब्रेडचे तुकडे आणि भाज्या भाजून केलेल्या पदार्थाचेच आहे. पाकिटातले मिश्रण मला नको, कारण त्यात मीठ भरपूर असते आणि अनेक पाकिटांत कोंबडीचा अर्कही असतो. गव्हाचा ब्रेड, ताजी सेलरी, सेजसारखा ताजा सुगंधी पाला असे साधे आणि पौष्टिक काही करायचे आहे. अंडे चालणार नाही. कांद्याचे सासूबाईंना अजून विचारलेले नाही. सगळ्या सामानाला 25 डॉलर खर्च करायची तयारी आहे. ब्रेड कोणता घ्यावा आणि अंड्याशिवाय मिश्रण धरून राहते का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

बोस्टनची मावशी :
ब्रेड घ्यायचाच तर चांगल्या बेकरीतला आंबवलेला सावरडो घ्यावा आणि त्यात भाजलेले चेस्टनट (कवचाचे, पिठूळ गोडसर फळ) घालावेत. त्याविना स्टफिंगला सणाची चव येत नाही असे माझे ठाम मत आहे. इथली स्वतःची चेस्टनटची झाडे 1904 मध्ये न्यू यॉर्कमध्ये दिसलेल्या रोगाने पुढच्या काही दशकांत जवळजवळ नाहीशी झाली, म्हणून दुकानात मिळतात ते बहुधा इटलीचे असतात आणि महाग पडतात. तरीही सणाला हात आखडता घेऊ नये. मसाल्यासाठी बेल्सची पिवळी डबी आणावी. तिच्यावर टर्कीचे चित्र असले तरी आत सेज, थाइम, रोजमेरी, आले असे वनस्पतीजन्य पदार्थच आहेत आणि मीठ अजिबात नाही. मी दरवर्षी एनॅमलच्या जड बिडाच्या भांड्यात करते. ते भांडे महाग आहे, पण एकदाच घ्यायचे असते.

शिस्तप्रिय :
भांडे आणि चेस्टनट राहू द्या, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. बारा माणसांना साधारण 700 ग्रॅम ब्रेड पुरतो. त्याचे पाऊण इंचाचे तुकडे करून 250 अंश फॅरनहाइटवर पाऊण ते एक तास, मध्ये दोनदा हलवून, कडक होईपर्यंत वाळवावेत. ब्रेड नुसता बाहेर ठेवून शिळा केला तर तो कडक लागतो खरा, पण त्यातले पाणी फारसे गेलेले नसते. असा ब्रेड स्टॉक (भाज्या उकळून गाळलेले पाणी) शोषून घेण्याऐवजी लगद्यासारखा होतो. लोणी सुमारे 150 ग्रॅम, सेलरीचे सहा-सात दांडे आणि स्टॉक साडेतीन ते चार कप लागेल, पण तो एकदम न ओतता थोडा थोडा घालत जावे. 350 अंशावर 40 मिनिटे फॉइलने झाकून आणि 20 मिनिटे उघडे ठेवून भाजावे. अंड्याऐवजी दर अंड्यामागे एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घालता येते. स्टॉक घरीच करावा : मशरूमचे देठ, सेलरीची पाने, गाजर, मिरी, पाऊण तास उकळून गाळले की झाले. एवढ्याला 25 डॉलर पुरून उरतील.

मिनेसोटाकर :
पौष्टिकच हवे असेल तर ब्रेडचा नाद सोडावा. आमच्याकडे सरोवरांत होड्यांतून फिरून काठ्यांनी झोडून काढलेला खरा वाइल्ड राइस, म्हणजे पाण्यातल्या एका गवताचे दाणे, मिळतो. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात. शेतात पिकवलेला काळाकुट्ट, चकचकीत तांदूळ स्वस्त असतो, पण तो शिजायला जास्त वेळ घेतो. सरोवरातला तपकिरी दाणा लवकर फुलतो आणि त्याचा वासच वेगळा. त्यात सुकवलेली क्रॅनबेरी (आंबट लाल फळे) आणि पिकान (अक्रोडासारखा सुकामेवा) घातले की अंड्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बारा माणसांना पुरेल एवढा घ्यायचा तर 25 डॉलर एकट्या तांदळालाच लागतील, हे आधीच सांगून ठेवतो.

डॅलसचे देशपांडे नव्हे :
स्टफिंग कसलेही करा, पण ज्या घरात गुरुवारचा घट मांडला आहे त्याच घरात टर्की कापायची हे मला पटत नाही. आमच्या आईने मार्गशीर्षभर घरात अंडेसुद्धा येऊ दिले नसते. कांदा तर घालूच नये. त्याऐवजी लीक घालावा, म्हणजे चव तीच राहते आणि नियमही मोडत नाही.

बोस्टनची मावशी :
लीक हा कांद्याच्याच कुळातला आहे. नियम पाळायचा तर शॅलट आणि चाइव्हही वर्ज्य धरावे लागतील.

नाशिककर परदेशी :
कांद्याचा नियम अनेक घरांत चातुर्मासाचा असतो आणि काहींकडे तो चंपाषष्ठीला सुटतो. यंदा चंपाषष्ठी आदल्याच दिवशी, 26 तारखेला आहे. मात्र व्रताच्या नैवेद्याचा प्रघात घरोघरी निराळा असल्यामुळे इथे वाद घालण्यापेक्षा सासूबाईंनाच विचारावे. नको म्हणाल्या तर फेनेलचा, म्हणजे बडीशेपेच्या जातीतल्या भाजीचा, गड्डा बारीक चिरून लोण्यावर सावकाश परतावा. तो मऊ आणि गोडसर होतो, भाजताना बडीशेपेचा वासही बराच उतरतो. ब्रेड मात्र ओव्हनमध्ये नीट वाळवून घ्यावा आणि पाला ताजा असेल तर हात सैल ठेवावा. वाळलेला सेज तिप्पट तिखट लागतो. खारे लोणी, विकतचा स्टॉक आणि ब्रेड या तिन्हींत मीठ असते, म्हणून वरून घालण्याआधी चाखावे.

न्यू जर्सीचा जावई :
इतका व्याप करण्यापेक्षा स्टफिंग टर्कीच्या पोटातच भरावे. आमचे सासरे तसेच करतात आणि त्या रसाची सर कशालाच नाही.

शिस्तप्रिय :
इथे विचारलेली टर्की दुसऱ्याच्या घरी भाजली जाणार आहे आणि इथे खाणाऱ्यांत शाकाहारी आहेत. शिवाय पोटात भरलेल्या मिश्रणाचा मध्यभागही 165 अंशांपर्यंत तापला पाहिजे असे अमेरिकेच्या कृषी खात्याचे सांगणे आहे. तेवढे तापेपर्यंत छातीचे मांस कोरडे पडते, म्हणून पुष्कळ जण ते वेगळ्याच भांड्यात करतात.

न्यू जर्सीचा जावई :
आमचे कधीच कोरडे पडलेले नाही.

कोलंबसची सून :
सर्वांचे आभार. सासूबाईंना विचारले. संध्याकाळी पूजा झाली की त्या पुरी आणि शिऱ्याच्या नैवेद्याने उपास सोडतील आणि मग कांदा घातलेले स्टफिंग खायला त्यांची हरकत नाही; टर्की वेगळ्या टेबलावर ठेवावी एवढेच त्यांचे म्हणणे आहे. घट त्यांचा असल्यामुळे हा विषय मी इथेच थांबवते.

गव्हाचा ब्रेड, सावरडो आणि वाइल्ड राइस हे तिन्ही मात्र मी बाजूला ठेवले आहेत. पाहुण्यांपैकी एक जोडपे अलाबामाचे आहे आणि त्यांच्याकडे हा पदार्थ मक्याच्या ब्रेडचाच होतो असे काल कळले. तेव्हा मंगळवारी ताक घालून, साखर आणि अंडे न घालता मक्याचा ब्रेड भाजेन, बुधवारी कुस्करून ओव्हनमध्ये वाळवेन आणि गुरुवारी भांड्यात लावेन. अंड्याशिवाय तो भुगा होईल असे नणंदेने बजावले आहे. तो कुस्करायचाच असल्यामुळे मला त्याची चिंता वाटत नाही. जवसाची पूड घालणार आहे, स्टॉक मशरूमचा घरीच करणार आहे. हिशेब 18 डॉलरपर्यंत येतो, त्यामुळे उरलेल्या पैशांत पिकान आणणार आहे.

बोस्टनची मावशी :
मक्याच्या ब्रेडमध्येही चेस्टनट चांगले लागतात.

नाशिककर परदेशी :
पीठ घेताना एक पाहावे. आपल्या दुकानांत कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ते पांढरे सत्त्व असते आणि भाकरीसाठीचे मक्याचे पीठ फार बारीक दळलेले असते. दोन्ही इथे उपयोगाची नाहीत. अमेरिकन किराणा दुकानातले मध्यम किंवा जाडसर दळलेले कॉर्नमील घ्यावे. भाजताना बिडाचा तवा आधी तापवून त्यात लोणी वितळू द्यावे आणि मगच मिश्रण ओतावे, म्हणजे कड खरपूस होते. कुस्करताना ती कड वेगळी काढून शेवटी वरच्या थरात घालावी.