जुनी वस्तू, अनोळखी माणूस : पैसे नेमके कधी आणि कसे देता? (अनुभव धागा)

मे-जूनमध्ये हॉस्टेलं रिकामी होतात आणि पुण्यात कर्वेनगरपासून विमाननगरपर्यंत गाद्या, कूलर, सायकली, मॉनिटर यांच्या जाहिरातींचा पूर येतो. या व्यवहारांत मुरलेल्यांनी लिहावं. 'सावध राहा' छाप सल्ला नको. कुठलं बटण, कुठला कागद, किती वेळ ते सांगा.

बँकवाली

यूपीआयचा पिन पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला लागतो. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. हे सगळ्यांना पाठ आहे, तरी फसतं ते दुसरीकडे : नावात. ॲपमध्ये पाठवण्याआधी दिसतं ते खातेदाराचं बँकेतलं नाव. ते विक्रेत्याचं नसेल तर विचारा. 'मेव्हण्याचं खातं आहे' हे खरंही असू शकतं, पण मग मेव्हण्याशी बोलणं करून द्या म्हणावं. क्यूआर विक्रेत्याच्याच ॲपमध्ये तुमच्यासमोर उघडलेला हवा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेला फोटो स्कॅन करू नका.

आधी १ रुपया पाठवा, त्याच्या फोनवर आला की बाकीचे. यातून खातं बरोबर आहे एवढंच कळतं, माणूस नाही.

व्यवहार 'प्रोसेसिंग'मध्ये अडकला तर पुन्हा पाठवू नका. १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) टिपून ठेवा. तुमच्याकडून वजा होऊन समोर जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत; त्यापुढे बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. यशस्वी झालेला व्यवहार मात्र आपल्याला मागे घेता येत नाही. आणि कालच नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं असेल तर पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. लोकांना हे विक्रेत्याच्या दारात उभं राहिल्यावर कळतं.

फोन दुरुस्तीच्या बाकावरून

पैशांआधी चार गोष्टी, याच क्रमाने. स्टार-हॅश-०६-हॅश डायल करा, आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसेल. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी ताडा. मग केवायएम, एक जागा, १५ आकडी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज आलं तर नमस्कार करून निघायचं.

तिसरं, खातं. आयफोन असेल तर विक्रेत्याने त्याचा पासवर्ड टाकून 'फाइंड माय' (फोन मालकाच्या खात्याला बांधून ठेवणारं कुलूप) बंद करायचं. अँड्रॉइडवर गूगल खातं काढून मग सेटिंग्जमधून रिसेट. चौथं लोक विसरतात : रिसेट झालेला फोन तिथेच तुमच्या हॉटस्पॉटवर सुरू करा. जुन्या मालकाचं खातं मागितलं तर तो फोन नाही, पेपरवेट आहे. तुमचं सिम घालून एक कॉल लावा आणि मगच पिन. वीसेक मिनिटं लागतात. विक्रेत्याला घाई असेल तर असू दे.

हिंजवडी-खराडीकडून येणाऱ्या लॅपटॉपचंही तेच. रिसेटनंतर पडद्यावर कंपनीचं नाव येऊन लॉगिन मागितलं, तर यंत्र कंपनीचं आहे, विकणाऱ्याचं नव्हे.

एमएच-बारा

दुचाकीत पैसे दोन टप्प्यांत. गाडी बघायच्या आधीच एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून विमा, कर्ज आणि चलनं बघा. कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय मोठी रक्कम द्यायची नाही. 'हप्ते फिटलेत, कागद येतील' याला अर्थ नाही. थकलेली चलनं किमतीतून वजा करू नका, त्यालाच भरायला लावा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही समोर घ्या, आरसीवरच्या मालकाचीच. नाव बदलायचा अर्ज तुम्ही ३० दिवसांत करायचा. थोडी रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवायची असेल तर ते आधी बोलून, साध्या कागदावर लिहून.

टेम्पो-फ्रिज

फ्रिज मेट्रो स्टेशनवर भेटून घेता येत नाही, घरीच जावं लागतं. विक्रेत्याला सकाळपासून चालू ठेवायला आणि फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी ठेवायला सांगा. बर्फ दिसला की भाव बोला. पैसे टेम्पोत चढल्यावर. जिन्यात दार चेपलं तर कुणाचं, हे आधीच ठरवा. टेम्पोवाल्याचे पैसे वेगळे, ते विक्रेत्याच्या हातात देऊ नका.

सोफा घेणारा

टोकन चालतं की. दोन-तीनशे रुपये दिले की माणूस दुसऱ्याला विकत नाही.

बँकवाली

वस्तू डोळ्यांनी बघून आल्यावर चालतं. न बघता टोकन म्हणजे 'सैन्यात आहे, बदली झाली' सांगणारा ठग, ज्याचा फोटो वर्दीतला आणि स्कूटर कायम 'गेटपास'साठी अडकलेली. आधी वाहतूक, मग विमा, मग 'परत मिळणारी' अनामत. प्रत्येक रक्कम आधीपेक्षा मोठी.

विकणाऱ्यांच्या बाजूने

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट आणि एसएमएस दोन्ही बनावट असू शकतात. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघूनच वस्तू सोडा. 'चुकून १,५०० ऐवजी १५,००० गेले, वरचे परत करा' म्हणणाऱ्याला सांगा, बँकेकडून मागव.

एमएच-बारा

आणि फसवणुकीत पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. यूटीआर, रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी तयार ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते. नेटवर शोधलेल्या 'कस्टमर केअर'ला फोन लावू नका, तिथे दुसरा ठग बसलेला असतो.