मदत हवी आहे: किरायाने दिलेल्या घराचा विमा नेमकं काय भरून देतो?

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात आमचं तळमजल्याचं घर आहे. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरात पाणी शिरलं. आमच्याकडे आलं नव्हतं, पण धसकाच घेतला आणि 'भारत गृह रक्षा' पॉलिसी काढली. पुढे आम्ही मुलीकडे पुण्याला आलो, घर किरायाने दिलं. कंपनीला कळवायचं असतं हे डोक्यातही आलं नाही.

यंदा एप्रिलअखेर किरायेदार सोडून गेले. नवतपात, मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, घर बघायला कोण येणार? दीड महिना कुलूप. जूनमध्ये शेजारच्या काकूंचा फोन, "अहो, तुमचं मागचं दार नुसतं लोटलेलं दिसून राहिलं!" गेलो तर बाथरूमच्या पितळी तोट्या, कूलरची मोटर, इन्व्हर्टरची बॅटरी, सगळं गायब. तोटी उपटताना पाइप फुटला, वरची टाकी अख्खी घरात रिकामी झाली. बेडरूमच्या कपाटाचं प्लायवूड फुगून टम्म.

क्लेम टाकला. उत्तर आलं, चोरी धरतात ती आग-पुरासारख्या घटनेनंतर 7 दिवसांत झाली तरच; घरफोडीचं कव्हर वेगळं. शिवाय घर किरायाने दिलं किंवा 30 दिवसांवर रिकामं ठेवलं तर कळवा, असं माझ्याच पॉलिसीत बारीक अक्षरात निघालं. किराया बुडाल्याची भरपाई आहे म्हणे, पण पूर-आगीने घर राहण्याजोगं नसेल तेव्हाच. किरायेदाराने थकवला तर आपला आपण बघा.

विचारायचं हे, की पाइप फुटून झालेलं नुकसान वेगळं मागता येईल का? आणि किरायाच्या घराला घरफोडीचं कव्हर कोणी घेतलंय का? नवीन किरायेदार त्यांच्या फ्रिज-टीव्हीचंही विचारताहेत.

---

दादा, पाण्याच्या टाक्या-पाइप फुटणं हा या पॉलिसीत वेगळा धोका मोजलेला आहे. चोरीत मिसळू नका. प्लंबरचं बिल, कपाटाचे फोटो, एफआयआरची प्रत जोडून लेखी मागा. न कळवल्याचा मुद्दा ते काढतीलच, तयारी ठेवा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ते निकाली काढतात) जा, फी नाही, वकीलही नाही. किरायेदाराचं सामान तुमच्या पॉलिसीत येत नाही, त्यांनी स्वतःची काढावी. करारनाम्यातच लिहून घ्या, मागाहून वाद नको.